साडेएकोणतीस किलोंची पेटी

लिफाफा डॉक्टरबाईंच्या नावाने आला होता, पण फोडला तो कवळीकाकांनी. फोडायच्या आधी त्यांनी मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं, आणि वाचून झाल्यावर प्लास्टरच्या पोत्यावर मटकन बसले.

कवळीकाका म्हणजे त्या दवाखान्यात दात बनवणारे. पुढच्या खोलीत डॉक्टरबाई लोकांचे दात काढायच्या आणि मागच्या खोलीत काका नवे करायचे, असं बावीस वर्षं चाललं होतं. माप आलं की साचा ओतायचा, मेणात दात लावायचे, भट्टीत घालायचे, मग घासून घासून ते तोंडात परके वाटणार नाहीत इतपत आणायचे. माणूस हाताचा जितका पक्का, तितकाच काळजाचा कच्चा. हिरवा दिवा लागल्यावरसुद्धा रस्ता ओलांडायच्या आधी दोनदा मागे बघणारा. कुणी नुसतं “जरा इकडे या” म्हटलं तरी त्यांना आपलंच काहीतरी चुकलं असं वाटायचं.

आणि या खेपेला खरोखरच चुकलं होतं.

पत्र कुरिअर कंपनीचं होतं. परदेशातून आपल्या नावे आलेली पेटी आमच्या गोदामात आहे, तिचं आकारणीचं वजन साडेएकोणतीस किलो भरलं आहे, सबब वाहतुकीची वाढीव रक्कम भरावी. रक्कम काकांच्या दोन पगारांएवढी होती. शिवाय गोदामाचं भाडं रोजच्या रोज चढणार. सात दिवसांत भरणा न झाल्यास पेटी जिच्या नावे आली त्या व्यक्तीवर कायदेशीर कारवाई. त्या व्यक्तीचं नाव वर ठळक छापलेलं होतं, डॉक्टरबाईंचं, खाली त्यांच्या नोंदणी क्रमांकासकट. आणि डॉक्टरबाईंना या पेटीचा पत्ताच नव्हता.

घडलं होतं ते असं. काकांची थोरली बहीण, आक्का, त्यांच्याचजवळ राहायची. वर्षापूर्वी जिन्यात पाय घसरला आणि तिचे वरचे चार दात गेले. काकांनी आठवड्याच्या आत नवे करून दिले. आक्काने आरशात बघितलं आणि म्हणाली, “अरे, हे तर बाथरूमच्या टाइल्ससारखे दिसतायत.” खरंच होतं. दवाखान्यात चिनीमातीची पूड यायची तिच्यात पांढऱ्याच्या दोनच छटा. साठीतल्या, जन्मभर चहा प्यालेल्या बाईचे दात त्यात होणार कसे? आक्काने ते दात डबीत ठेवले आणि तोंडावर हात धरून हसायला लागली. पुढे पुढे हसायचीच बंद झाली. जन्मभर दुसऱ्यांचं हसू घडवून पोट भरलेल्या माणसाला घरातलं हे बघवेना.

परदेशातली एक कंपनी चोवीस छटांच्या पुडींचा संच विकत होती. काकांनी सहा महिने पैसे साठवले. पण कंपनी माल फक्त नोंदणीकृत दंतवैद्यांना द्यायची. डॉक्टरबाईंना विचारावं, तर त्या म्हणणार, “काका, एवढी महाग पूड आपल्याला परवडायची नाही.” नाही ऐकण्याचीही काकांना भीती वाटायची. मग एका दुपारी, त्या जेवायला गेलेल्या असताना, भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरून त्यांनी क्रमांक उतरवून घेतला आणि मोबाइलवरच्या चौकटीत भरला. पैसे स्वतःचे, वाहतूक खर्चही भरलेला. पेटी येईल, आपण दारातच घेऊ, कुणाला कळणारही नाही. भित्रा माणूस आयुष्यात एकदाच धाडस करतो आणि तेही नको तिथे.

पत्र काकांनी खिशात घातलं. दोन दिवस ते खिशातच राहिलं. त्या दोन दिवसांत पोस्टमन दिसला की ते भट्टीच्या आड सरकायचे. बाहेर गाडी थांबली की घासणीचं यंत्र बंद करून कान लावायचे. तक्रार करावी तर कुणाकडे? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तिसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवरच्या मुलीने दारातून डोकं आत घातलं.

“काका, मॅडमच्या नावाने कसलं पार्सल अडकलंय का हो? कुरिअरवाल्यांचा फोन होता. मॅडम पेशंटमध्ये होत्या, म्हणून मी पाच वाजता करा म्हटलं.”

काकांच्या हातातला मेणाचा दात खाली पडला. “तू मॅडमना सांगितलंस?”

“नाही अजून. का?”

“नको सांगूस. म्हणजे... मी बघतो.”

ती गेली. घड्याळात अकरा वाजले होते. पाचाला सहा तास.

जेवणाच्या सुट्टीत ते रिक्षाने गोदामात गेले. लांबलचक पत्र्याची शेड, आत खोक्यांच्या थप्प्या, आणि जाळीमागे टेबलावर एक कारकून. काकांनी पत्र पुढे सरकवलं.

“पेटी बघता येईल का? नुसती बघायला?”

कारकुनाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, उठला, आणि काखेत धरून एक खोकं घेऊन आला. काखेत! साडेएकोणतीस किलो!

भीतीच्या जागी क्षणभर दुसरंच काहीतरी आलं. मापाच्या माणसाला चुकीचं माप दिसलं की राहवत नाही. काकांनी वरच्या खिशातली पोलादी पट्टी काढली आणि जाळीच्या फटीतून खोक्याला लावली. लांबी तीस, रुंदी वीस, उंची पंधरा.

“तुमच्या कागदावर किती लिहिलंय?”

“तीस, वीस, पंधरा. बरोबर आहे की.”

“सेंटिमीटर का इंच?”

कारकुनाने चष्मा सरकवून कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग खोक्याकडे, मग पुन्हा कॉम्प्युटरकडे. “इंच,” तो हळूच म्हणाला. खोक्याच्या आकारावरून वजन धरायची त्यांची पद्धत होती, आणि कुणीतरी सेंटिमीटरचे आकडे इंचांच्या रकान्यात भरले होते. दोन किलोंच्या आतली पेटी त्यामुळे साडेएकोणतीस किलोंची झाली होती.

“मग चूक तुमचीच झाली!” काका म्हणाले, आणि आपला आवाज चढलेला ऐकून स्वतःच दचकले.

“मला दिसतंय हो. पण मला दिसून काय उपयोग? कॉम्प्युटरला दिसलं पाहिजे.” त्याने एक अर्ज सरकवला. “हा हरकतीचा अर्ज. ज्यांच्या नावावर पेटी आहे त्यांची सही लागेल. तुम्ही कोण त्यांचे?”

“मी... त्यांच्याकडे कामाला आहे.”

“मग काय, सोपं आहे. मॅडमची सही आणा. तसा मी पाचला त्यांना फोन करणारच आहे, मीच सांगतो.”

“फोन नका करू!”

कारकुनाचं पेन थांबलं. “का?” त्याने विचारलं, आणि या वेळी काकांकडे नीट निरखून पाहिलं. काकांची दातखीळ बसली. अर्ज उचलून ते जवळजवळ पळतच बाहेर आले.

परत मागच्या खोलीत आले तेव्हा साडेतीन वाजले होते. अर्ज समोर ठेवला. सगळं भरून झालं, सहीची जागा तेवढी रिकामी राहिली. डॉक्टरबाईंची सही त्यांनी हजारदा पाहिली होती, प्रत्येक मापाच्या चिठ्ठीवर असायची. त्यांनी एका कोऱ्या कागदावर करून बघितली. पहिली फसली. दुसरी जरा बरी आली. तिसरी हुबेहूब. शेवटच्या अक्षराला त्यांच्या घाईचा जो फटकारा असायचा, तोही तसाच.

कुणाचाही दात बघून तसाच दुसरा करणारा हात तो; त्याला सही काय अवघड? पण त्या तिसऱ्या सहीकडे बघताना काकांना जी भीती वाटली, ती पत्राची नव्हती, कारकुनाची नव्हती. आजवर आपण फक्त दुसऱ्यांना भीत आलो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कागदाचे तुकडे केले, ओल्या प्लास्टरच्या वाडग्यात ढवळले, आणि प्लास्टर घट्ट होईपर्यंत वाडग्यावर हात ठेवून उभे राहिले.

मग ते पुढच्या खोलीत गेले. शेवटचा पेशंट नुकताच उठला होता. डॉक्टरबाई हातमोजे काढत होत्या.

“मॅडम, मी तुमचा नंबर चोरला.”

“फोन नंबर?”

“नाही.” काकांनी भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बोट केलं.

काका सगळं सांगत होते तोवर त्यांनी दोन्ही हातमोजे काढून डब्यात टाकले. काकांना बसायचं धाडस होईना. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, “आणखी कुठे वापरलाय हा नंबर?”

“कुठेच नाही मॅडम. आईशप्पथ.”

“ते मला कसं कळणार, काका?”

बावीस वर्षांत काकांना इतकं लागेल असं कुणी बोललं नव्हतं, आणि यात एकही शब्द वावगा नव्हता.

पाचला फोन वाजला. डॉक्टरबाईंनी उचलला. “हो, पेटी माझ्या नावावर आहे. हो, हरकत घेतेय. इंच आणि सेंटिमीटरमधला फरक तुमच्याकडे कुणाला कळत असेल तर त्याला द्या फोन.” फोन ठेवून त्यांनी अर्जावर सही केली, अर्ज काकांच्या हातात न देता स्वतःच्या पर्समध्ये घातला आणि घरी गेल्या.

पुढचे दहा दिवस काकांचा जीव टांगणीला लागला होता. मापाच्या चिठ्ठ्या आता डॉक्टरबाईंऐवजी काउंटरवरची मुलगी आणून द्यायची. आक्काने दोनदा विचारलं, “बाळ्या, तुझं काही दुखतंय का?” तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी सांगून टाकलं. “माझ्या चार दातांपायी,” ती म्हणाली, “तू आपलं बत्तिशीचं काम घालवून बसलास की रे.” आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

कुरिअर कंपनीचं पत्र आलं. वजनाची चूक मान्य, वाढीव वाहतूक खर्च रद्द. मात्र गोदामाचं भाडं भरावंच लागेल. डॉक्टरबाईंनी उलट लिहिलं, चूक तुमची, तर त्या चुकीचं भाडं आम्ही का भरायचं? शेवटी अर्ध्यावर तडजोड झाली. ते अर्धं काकांनी भरलं.

शनिवारी दुपारी डॉक्टरबाई मागच्या खोलीत आल्या. काखेत पेटी होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली, पण वरचा हात काढला नाही.

“एका कागदावर लिहून द्या. काय केलंत, कधी केलंत, पुन्हा करणार नाही. खाली तुमची सही. तो कागद माझ्या कपाटात राहील. आणि यापुढे सामान मागवायचं ते मी मागवेन.”

“म्हणजे मी... कामावर राहू?”

“तुमच्याइतके चांगले दात या गावात कुणी करत नाही. विश्वासाचं म्हणाल तर ते बघू. वेळ लागेल.”

काकांनी लिहायला घेतलं. तीन ओळी लिहायला त्यांना पाव तास लागला. त्यांनी कागद पुढे केला, तेव्हा डॉक्टरबाईंनी तो वाचला, घडी केली, आणि पेटीवरचा हात उचलला.

“आक्कांना सोमवारी घेऊन या,” दाराशी पोचल्यावर त्या म्हणाल्या. “दुपारी, पेशंट नसतात तेव्हा. छटा उजेडात बघावी लागेल.”

काकांनी मान हलवली, आणि त्या गेल्यावर प्लास्टरचं पोतं उघडून उगाचच चाळायला बसले.