डावी तेरा, उजवी पंधरा

मित्रांनो, मी शिंप्याच्या गळ्यातली एक जुनी मोजपट्टी आहे. अंगाने कापडाची, टोकांना पितळेची. लांबलचक कापडाला मेणाचा हात फिरला, वर काळे आकडे उमटले आणि साठ इंचांवर कात्री चालली, तो माझा जन्म. तेव्हापासून माझं घर एकच, मास्तरांचा गळा.

मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले शिंपी. बाळांची झबली, पोरांचे गणवेश, नवरदेवाचे कोट, सगळ्यांची मापं मी सांगितली. गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं, की मास्तर गुपचूप दोन इंच वाढवून लिहीत. “माणूस खोटं बोलेल, पट्टी नाही बोलायची,” अशी माझी तारीफ होई. मग समोर तयार कपड्यांचं दुकान आलं आणि मी दिवस दिवस नुसती लोंबत राहिले.

अशात मास्तर पायरीवरून घसरले. उजवा घोटा मोडला, दीड महिना पाय प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यातल्या नर्सबाई चाळीस गणवेशांचं काम घेऊन आल्या. फार दिवसांनी आलेलं काम, मास्तरांना सोडवेना. सकाळी मशीनवर बसले की जेवायलाच उठत.

उजवी पोटरी सुजू लागली. विजार तिथे तटतटू लागली. दुसऱ्या कुणी पायाकडे पाहिलं असतं. मास्तर पडले शिंपी, त्यांनी विजारीकडे पाहिलं. शिवण उसवली, उजवा पाय सैल केला, टीप मारली आणि झालं. तेही नुसत्या नजरेच्या अंदाजाने. मी गळ्यातच होते, पण मला कुणी विचारलं नाही.

काकू, म्हणजे मास्तरांची बायको, रोज मायेने पाय चोळून देत. पुढे जिना चढताना मास्तरांना धाप लागू लागली. खोल श्वास घेतला की बरगडीखाली सुरी फिरल्यासारखं होई. मास्तर म्हणाले, गॅस झालाय. पायाचं दुखणं पायात, छातीचं छातीत. त्या दोघांची सोयरीक कुणाच्या ध्यानातच आली नाही.

एका दुपारी नर्सबाई गणवेश न्यायला आल्या. खुंटीवरची विजार पाहून त्यांना हसू आलं.

“मास्तर, एका पायाने जाड असं गिऱ्हाईक कुठून आणलंत?”

“मीच की तो,” मास्तर म्हणाले. एवढं बोलायला त्यांना मध्ये थांबून दम घ्यावा लागला.

नर्सबाईंचं हसू विरलं. त्यांनी मला मास्तरांच्या गळ्यातून ओढून घेतलं. दोन्ही गुडघ्यांखाली चार-चार बोटं सोडून मला पोटऱ्यांभोवती धरलं. डावी तेरा, उजवी पंधरा. आयुष्यभर मापं सांगितली, पण हे सांगताना माझंच अंग आखडलं.

मला परत मास्तरांच्या गळ्यात अडकवून नर्सबाईंनी, पाय चोळायला आलेल्या काकूंच्या हातातली तेलाची वाटी खाली ठेवायला लावली. पाय चोळायचा नाही, चालत जायचं नाही, आत्ताच्या आत्ता गाडी बोलवा, असं सांगितलं. मास्तर म्हणाले, पाच गणवेशांची काजं राहिलीत, उद्या येतो.

“मास्तर, दोऱ्याला पडलेली गाठ सरकत सरकत सुईच्या नेढ्यात अडकते ना? तशी पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली असेल. तीच सुटून फुफ्फुसात अडकली असेल तर? उद्याची वाट बघू नका.”

दवाखान्यात नाकाला ऑक्सिजन लागला. शिरेत औषध सोडून छातीचं स्कॅन करायचं ठरलं. त्याआधी मला काढून काकूंच्या हाती दिलं. बाकावर बसून काकू मला बोटांना गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत होत्या. माझे साठ इंच संपायचे, दार काही उघडायचं नाही.

“मीच चोळत होते हो,” त्या हळूच म्हणाल्या.

नर्सबाई शेजारी टेकल्या. “तुम्हाला माहीत नव्हतं, काकू. मायेने केलंत,” त्या म्हणाल्या.

शेवटी डॉक्टर बाहेर आले. दोन्ही फुफ्फुसांत गाठी होत्या. रक्त पातळ करणारं इंजेक्शन लगेच दिलं होतं. ते गाठ वाढू देत नाही, नवी होऊ देत नाही. आहे ती विरघळवायचं काम शरीर सावकाश करतं, असं त्यांनी सांगितलं. पहिले दोन दिवस जपायचे होते. ते मी काकूंच्या मुठीत काढले.

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी चहा मागितला, तेव्हा कुठे ती मूठ सैल झाली.

घरी आल्यावर निदान तीन महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या होत्या. महिन्याभरात बरं वाटू लागलं, तसं मास्तर म्हणाले, आता बंद करू का? काकू गोळी आणि पाणी पुढे धरून, ती पोटात जाईपर्यंत उभ्या राहिल्या. आता मास्तर दर तासाभराने उठून दुकानात फेऱ्या मारतात. सुई टोचली तर रक्त लवकर थांबायचं नाही, म्हणून बोटात अंगुस्तानाची धातूची टोपी घालतात.

दुखण्यात मास्तर वाळले, सदरे ढगळ झाले. स्वतःचं माप स्वतःला नीट घेता येत नाही, म्हणून परवा काकूंनी मला त्यांच्या छातीभोवती धरलं.

“घ्या श्वास.”

मास्तरांनी श्वास घेतला. खोल, भरून, कुठेही न दुखता. मी काकूंच्या चिमटीतून सरकत राहिले, आणि काकू आकडा लिहायचाच विसरल्या.

मित्रांनो, घरात कुणाचा एकच पाय सुजला, कुणाला उगाच धाप लागली, छातीत दुखू लागलं, तर त्यांना “उद्या बघू” म्हणू देऊ नका. हात धरून त्याच घडीला डॉक्टरांकडे न्या. पट्टीचं एवढं ऐकाच.