फेल्सनाऊचा दिंडी दरवाजा

शनिवारी सकाळी टेक्ससमधलं सगळं फ्रिस्को गवत कापत असतं. अनिलराव जोगळेकर मात्र त्या वेळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसायचे आणि कॅमेरा बंद ठेवायचे. कुणी बघणारच नाही तर दाढी कशाला, असं शरयूताईंनी एकदा विचारून पाहिलं होतं. अनिलराव नुसतेच गुरगुरले, तेव्हा त्यांनी तो विषय सोडून दिला.

पडद्यावर जर्मनीतलं फेल्सनाऊ नावाचं जुनं गाव उघडायचं. चारी बाजूंनी दगडी तट, मधे उतरत्या लाल छपरांची दाटी. तिथं तेव्हा दुपार असायची. काठीला फोन लावून एक मुलगी त्या गावातून चालायची आणि जगभरातली दहा-वीस माणसं घरबसल्या तिच्या मागून चालायची. वेशी, बुरूज, खंदक दाखवत ती मध्ययुगातल्या वेढ्यांच्या गोष्टी सांगायची. बोलायची ती इंग्रजीत, पण अनिलरावांच्या कानात ते मराठीच उतरायचं. कारण ती मुलगी म्हणजे आसावरी, त्यांची एकुलती एक लेक. आणि पाहुण्यांच्या नावांत ‘देवांग, टेक्सस’ असं जे नाव दिसायचं ते तिच्या बापाचं होतं. सहा वर्षांत बापलेकीत एका शब्दाचं बोलणं नव्हतं.

ही टूर त्यांना सापडली ती महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला. ओळखीतली कॉलेजात जाणारी प्रीता तिळगूळ देता देता म्हणाली, “काका, आसावरीताईची टूर कसली ऑसम आहे! मी रूममेटबरोबर अटेंड केली. तुम्ही बघता ना?”

“बघतो तर!” अनिलराव म्हणाले, आणि घरी येऊन शोधायला बसले. स्वतःचं नाव घालायची छाती झाली नाही, म्हणून ऑफिसातल्या देवांगचं घातलं. त्या बिचाऱ्या देवांगला याचा पत्ताही नाही.

आता वितुष्ट कशावरून आलं ते सांगायला हवं, नाहीतर माणूस उगाचच बिचारा वाटायचा. आसावरी पुण्याहून इथे आली ती बारा वर्षांची असताना, बापाच्या व्हिसावर. अनिलराव ग्रीन कार्डच्या रांगेत उभे होते. रांग हलली नाही, आणि पोरगी मात्र वाढत गेली. एकवीस पूर्ण झाली की मूल बापाच्या व्हिसातून गळतं, त्याला इथे ‘एज आउट’ म्हणतात. आसावरी गळाली. शिकायचा व्हिसा काढून तिनं काही वर्षं रेटली, नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत तिचं नाव निघालं नाही, आणि मग ती इतिहास शिकायला जर्मनीला निघून गेली.

अनिलरावांना ते फार लागलं. पोरीला परत आणायचा एकच रस्ता त्यांना दिसला, अमेरिकन नागरिक असलेला नवरा. मंडळातल्या लताकाकूंचा सिद्धेश इथेच जन्मलेला, शांत, नोकरी करणारा. मुलगा चांगला होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. अनिलरावांनी लताकाकूंना शब्द दिला, साखरपुड्यासाठी हॉल धरला, चार लोकांना सांगून टाकलं, आणि त्यानंतर मुलीला व्हिडिओ कॉल केला. आधी हॉल, मग मुलगी! इंजिनिअर माणूस, पण वरात निघाल्यावर घोडा शोधायला जावं तसा प्रकार.

“बाबा, मला विचारलं का नाही?” आसावरी म्हणाली.

“तुझ्या भल्याचंच आहे. दोन वर्षांत इथे असशील.”

“मी ग्रीन कार्डशी लग्न करू?”

“मी शब्द दिलाय, आसावरी.”

“मग तुम्हीच करा साखरपुडा,” ती म्हणाली. पाठीमागे शरयूताईंना त्याही स्थितीत हसू आलं. त्या हसण्यानं अनिलरावांचं डोकं फिरलं. आपल्याकडे लांबचं कुणी गेल्याची बातमी आली की डोक्यावरून पाणी घ्यायची रीत आहे. रागाच्या भरात माणसं म्हणतातही, की तुझ्या नावानं आंघोळ केली. म्हणतात आणि संध्याकाळी जेवायला बसतात. अनिलराव नुसतं म्हणून थांबले नाहीत. कॉल चालू ठेवून ते बाथरूममध्ये गेले, अंगावरच्या कपड्यांनिशी शॉवरखाली उभे राहिले, आणि निथळत पडद्यासमोर येऊन म्हणाले, “झालं. मला मुलगी नाही.”

आसावरीनं कॉल बंद केला. शरयूताईंनी लादी पुसली.

तेव्हापासून शरयूताई मुलीशी बोलायच्या त्या इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून. कोथिंबिरीच्या एका जुडीला यांना तासभर कसा लागतो, हे अनिलरावांनी कधी विचारलं नाही. उलट गाडीचा आवाज आला की ते दारापर्यंत जायचे आणि बायकोच्या तोंडाकडे बघून पोरगी खुशाल आहे ना, ते वाचायचे.

गेल्या महिन्यात ग्रीन कार्ड आलं. एवढी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते पाकीट अनिलरावांनी उघडलं, उलटसुलट करून पाहिलं आणि फ्रिजवर ठेवून दिलं. आता व्हिसाची धास्ती न बाळगता देशाबाहेर जाऊन परत येता येणार होतं. रात्री ते शरयूताईंना म्हणाले, “फेल्सनाऊला जाऊन यावं म्हणतो.”

“तिला विचारा आधी,” शरयूताई म्हणाल्या. “या खेपेला तरी आधी विचारा.”

म्हणून आजचा शनिवार. टूरच्या शेवटी आसावरी सगळ्यांचे माइक उघडायची आणि ज्याला जे विचारायचं ते विचारू द्यायची. आज अनिलराव बोलणार होते. वाक्य साधं ठरवलं होतं: आसावरी, बाबा बोलतोय. माझं चुकलं. आम्ही येऊ का? आठवडाभर ते गाडीत, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, दात घासताना हेच पुटपुटत होते. ‘माझं चुकलं’पाशी दर वेळी गाडी अडायची.

टूर सुरू झाली. आसावरीनं डोक्याला लोकरी टोपी घातली होती. जरा वाळल्यासारखी वाटली. तटावरच्या लाकडी छपराखालून ती चालत होती, आणि अनिलराव मनातल्या मनात म्हणत होते, ही फांजी, तटावरून पहारा फिरायची वाट. भिंतीतल्या फटीतून तिनं खालचा खंदक दाखवला. त्यात आता सफरचंदाची झाडं लावली आहेत. ही जंगी, मारा करायची फट, अनिलराव म्हणाले, आतून रुंद, बाहेरून चिंचोळी. तिनंही नेमकं तेच सांगितलं आणि ते खुर्चीत पुढे सरकले. पोरगी दुसऱ्याच्या देशातल्या किल्ल्यावर उभी होती, पण बघत होती त्यांच्या डोळ्यांनी.

शेवटी ती पश्चिमेच्या वेशीपाशी आली. अजस्र लाकडी दार, त्यावर लोखंडी खिळे, आणि त्या दारातच कापलेलं एक बुटकं दार, आपल्याकडची दिंडी. “सूर्य मावळला की मोठं दार बंद व्हायचं,” आसावरी सांगत होती. “उशिरा येणाऱ्याला या लहान दारातून यावं लागे. मग तो नगराध्यक्ष असो की पाव भाजणारा. हे मुद्दाम बुटकं ठेवलंय. यातून येणारा वाकतो, आणि वाकलेल्या माणसाची मान कापायला सोपी.”

अनिलरावांचे ओठ तिच्याबरोबर हलले. हे वाक्य तिच्या लहानपणी तिकोना किल्ल्यावर त्यांनीच तिला सांगितलं होतं.

ओहायोची कॅरल नावाची म्हातारी दर शनिवारी असायची. माइक उघडल्यावर तीच पहिली बोलली. “मला कधीचं विचारायचंय. भारतातल्या मुलीला या भिंतींचं वेड लावलं कुणी?”

“माझ्या बाबांनी,” आसावरी म्हणाली.

अनिलरावांचा हात माउसवर होता. आयतीच वेळ चालून आली, त्यांना वाटलं. देव आहे म्हणायचा.

“रविवारी ते मला अंधारात उठवायचे,” आसावरी सांगू लागली. “थर्मासमध्ये दूध, डब्यात गूळपोळी. किल्ल्याच्या दारात मला उभी करायचे आणि म्हणायचे, तू शत्रू आहेस, आता सांग तू कुठे मरशील? मी आठ वर्षांची होते! मी बोट दाखवायचे आणि ते म्हणायचे, चूक, तू इथपर्यंत पोचलीसच नाहीस, तिकडच्या बुरुजावरून तुला केव्हाच टिपली. एकदा माझा पाय मुरगळला तर मला पाठुंगळी घेऊन पूर्ण किल्ला उतरले. माझे बूट दोन्ही खिशांत. खाली आल्यावर म्हणाले, आईला सांगू नकोस, ती मला पुन्हा सोडायची नाही.” ती हसली. “सांगितलं नाही मी. कितीतरी वर्षं.”

अनिलरावांना बूट आठवले. निळे होते.

“किती गोड!” कॅरल म्हणाली. “ते बघतात का तुझी टूर? केवढा अभिमान वाटत असेल त्यांना.”

“नाही हो,” आसावरी म्हणाली. “ते गेले. सहा वर्षं झाली. टेक्ससमध्ये. अगदी अचानक.”

बाजूच्या चौकोनात भराभर बदाम आणि जोडलेले हात उमटू लागले. कुणी लिहिलं, ते वरून बघत असतील. अनिलराव आसावरीचा चेहरा बघत होते. खोटं बोलताना लहानपणी ती डावीकडे बघायची. आत्ता ती सरळ समोर बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. ती खोटं बोलतच नव्हती. तिनं खरोखर सुतक पाळलं होतं, एकटीनं, परक्या गावात, आणि ते पाळून ती बाहेरही आली होती.

हातमोज्यानं डोळे पुसून ती म्हणाली, “चला, कुणाला आणखी काही? देवांग, तुम्ही दर वेळी येता आणि कधीच बोलत नाही. आज तरी?”

अनिलरावांनी माइक उघडला.

त्यांच्या घराबाहेर गवत कापायचं यंत्र घरघरत होतं, तेवढाच आवाज फेल्सनाऊला पोचला. आसावरी वाट बघत होती. माणसं वाट बघत होती. ठरवलेलं वाक्य जिभेवर होतं. पण बोललं तर काय होणार होतं? वीस माणसांदेखत ती खोटी पडणार होती, ते एक. आणि त्याहून वाईट म्हणजे खिशात बूट घालून किल्ला उतरणारा तो माणूस मरणार होता, आणि त्याच्या जागी शॉवरखालून निथळत आलेला हा उभा राहणार होता. मेलेला बाप तिला हवा होता. जिवंत बाप घेऊन ती काय करणार?

अनिलरावांनी माइक बंद केला आणि लिहिलं, ‘वाईट वाटलं ऐकून. चांगला माणूस असावा.’ इंग्रजीत लिहिलं, देवांगनं लिहिलं असतं तसं.

आसावरीनं ते मोठ्यानं वाचलं. “थँक यू, देवांग,” ती म्हणाली. “हो, फार चांगले होते.” मग सगळ्यांना हात हलवून तिनं निरोप घेतला आणि पडदा पांढरा झाला.

शरयूताई बहुधा दाराबाहेरच उभ्या होत्या. लगेच आत आल्या. “बोललात?”

“नाही.”

“का हो?”

“मेलेली माणसं कुठं बोलतात,” अनिलराव म्हणाले.

शरयूताई खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी ‘म्हणजे काय’ असं विचारलं नाही. ते अनिलरावांच्या हळूहळू ध्यानात आलं.

“तुला माहीत होतं?”

“दोन वर्षं झाली.”

“आणि मला असं तयार होऊन बसू दिलंस?”

“काल रात्री सांगणार होते. तुम्ही शर्टाला इस्त्री करत होता. धीर नाही झाला.” त्या पदराशी चाळा करत राहिल्या. “आणि वाटलं, तुमचा आवाज ऐकून काय सांगावं, विरघळेलही. आईच आहे मी, वाटणारच.”

“तू तिला अडवलं नाहीस? मी इथे जिवंत बसलोय, शरयू.”

“आधीची चार वर्षं तुमचं नाव काढलं की ती फोन ठेवायची,” शरयूताई म्हणाल्या. “बाबा हा शब्द चालत नव्हता तिला. किल्ले नाहीत, पुणं नाही, काही नाही. मग एक दिवस म्हणाली, आई, आज कुणीतरी विचारलं आणि मी सांगून टाकलं की बाबा गेले. आणि त्या दिवशी घरी येऊन मला पहिल्यांदा बाबांची आठवण आली. पोटभर रडले, म्हणाली. मग तिकोन्याचं सांगत बसली मला, पाऊण तास. तुमच्या खिशातल्या बुटांचंसुद्धा.” त्यांनी डोळ्याला पदर लावला. “मी काय म्हणणार होते? म्हटलं, बरं केलंस बाळा.”

बाहेरचं यंत्र थांबलं होतं. पडद्यावर पुढच्या शनिवारची टूर दिसत होती आणि खाली नाव नोंदवायचं बटण. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, आणि देवांगसाठी जागा धरून ठेवली.