तात्यारावांचं ॲव्हरेज

आमच्या ह्यांना, तात्यारावांना, गाडीच्या ॲव्हरेजचं भलतंच खूळ. तीस वर्षं एस.टी. चालवली. कमी डिझेलात जास्त किलोमीटर काढणारा डायव्हर म्हणून डेपोत नाव होतं. रिटायर झाल्यावर जुनी कार घेतली. टाकी गळ्यापर्यंत भरायची, मीटर बघायचं, फिरून आलं की पुन्हा तिथपर्यंतच भरायची, आन् मला म्हणायचं, "विठा, लिव." सहा वर्षं झाली, मी आपली वही मांडीवर घेऊन बसतीय. कंटाळा आला बाई.

आधी लिटरला एकोणीस पडायचं. यंदा पंधरावर आलं. मग काय, घरात सुतक पडल्यागत झालं. पंपवाला चोर, मेस्त्री चोर. मेस्त्री म्हणला, क्लचप्लेट जळलीय. नवी टाकली, तरी पंधराच.

आमचा पोरगा प्रसेनजित एकदा शेजारी बसून बघत होता. "आप्पा, तुमचा डावा पाय क्लचवरनं उठतच न्हाय. गाडी ओढंल कशी?"

"म्या पाय कवाच खाली घेतलाय!" हे खेकसले.

कुठं घेतला होता? मला मागनं दिसत होतं की. शुगरनं पायातली जाणीवच गेलेली. पण ह्यांच्या तोंडाला लागायचं कुणी?

"सहा वेळा टाकी भरू," हे पोराला म्हणले. "तीन वेळा तू चालव, तीन वेळा मी. धाराशिव-तुळजापूर, दर टाकीला चार खेपा, पंप एकच. सारखं आलं तर माझ्या पायाचं नाव काढायचं न्हाय. न्हाय आलं तर चावी तुझी."

दोन महिने चाललं ते. माझी कंबर मोडली. पोराचं आलं एकोणीस, एकोणीस, साडेअठरा. ह्यांचं पंधरा, मग चौदा.

शेवटची टाकी तुळजापुरात भरली तवा आमी दोघंच होतो. ह्यांनी आकडेमोड केली. पुन्हा केली.

"चौदा," म्हणले.

लई वाईट वाटलं मला. हळूच म्हणलं, "अठरा लिवू का? कुणाला कळतंय?"

"चौदाच लिव. तीस वर्षांत खोटं ॲव्हरेज दिलं न्हाय म्या."

लिवलं. ह्यांनी पंपावरच्या माणसांकडनं गाडी कडंला ढकलून घेतली आन् चावी माझ्या हातात दिली.

"अवो, आता घरी कसं जायचं?"

"एस.टी.नं."

स्टँडवर धाराशिवची गाडी लागली. हे दारापाशी गेले, दांडा धरला, डावा पाय उचलला आन् तिथंच अडकले. पाय पायरीवर टेकलाय का न्हाय, त्यांना कळंना. मागनं माणसं ओरडाय लागली, "चढा की आजोबा!"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली वाकले, दोन्ही हातांनी त्यांचा पाय धरला आन् पायरीवर ठेवला.

"टेकला," म्हणलं. "चढा आता."