आमेनवाचून

बिस्किटाचा चुरा. मेजाखाली, ठकूच्या खुर्चीच्या पायाशी, तांबूस, बारीक... ओणवी होऊन ठकूची आई तो बोटाने टिपत होती आणि वर सासूबाईंची प्रार्थना चालली होती – आज लेकराचे कान तपासायचेत, बापा, पोर तुझीच आहे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो... आमेन. ठकूनेही तोंड हलवलं. आजीचे ओठ बघून! तीन वर्षांची पोर, पाठमोरी असताना कितीही हाका मारा, वळत नाही.

"तू आमेन म्हणाली नाहीस," सासूबाई म्हणाल्या.

"नाही म्हणणार."

"अगं, आमेन न म्हणता उठायचं म्हणजे खरकट्या हाताने गावभर हिंडायचं!"

"माझं जेवणच झालेलं नाही, आई."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. "देवाशी भांडून कुणाचं भलं झालंय?"

झालंय की! बायबलातल्या शुभवर्तमानातली ती परकी बाई – लेकीच्या दुखण्यापायी प्रभूच्या मागे ओरडत आलेली. शिष्य म्हणाले, हिला घालवा. खुद्द प्रभू म्हणाला, मुलांची भाकर कुत्र्यांपुढे टाकणं बरं नव्हे. हटली का ती? मेजाखाली पडलेला चुरा तरी कुत्र्यांना मिळतोच, म्हणाली. कॉलेजात असताना ठकूच्या आईला त्या बाईची लाज वाटायची, उतारा आला की पान उलटायची... हल्ली रोज तेच पान. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असं ती बाई कुठं म्हणाली? ते तर प्रभूनं तिला म्हटलं, लेक बरी करताना. तिला!

घरातून निघाली ती तशीच, दार सताड उघडं टाकून निघाल्यासारखी, आणि रस्ताभर त्या उघड्या दारातून आत देवाशी बोलत राहिली... ठकूचं बोट धरून, मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीवर नजर ठेवून. ठकूला हॉर्न ऐकू यायचा नाही. म्हणून हिचे कान दोघींचे.

तपासणीच्या खोलीच्या भिंतींना जाड गाद्या. दार लागलं आणि सगळी रहदारी पुसली गेली. तपासणाऱ्या बाईंनी ठकूच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात लाल ठोकळा दिला, आवाज आला की डब्यात टाकायचा हे खुणांनी शिकवलं, मग हिला म्हणाल्या, "तुम्ही मागे. हूं नाही की चूं नाही. आया फार लबाड असतात, हळूच खुणा करतात."

लबाड तर लबाड. तिने हात मांडीखाली दाबले.

काचेपलीकडे बाई यंत्राआड हात लपवून बसल्या. आवाज सुरू झाला की नाही, कळेना. ठकूला येतोय की नाही... देवा, ऐकतोयस ना? काहीच नाही. गाद्यांची शांतता. आणि समोर ती इवलीशी मान – ताठ, जराही न घाबरलेली. ठोकळा कानाशी धरून ठकू वाट बघत होती, आवाज येणार हे ठरलेलंच असल्यासारखी. कुणी सांगितलं हिला? कशाच्या भरवशावर बसलीये ही पोर...

आईचे मांडीखालचे हात सैलावले.

बरं. मीही बसते, देवा. तुझा आवाज येवो न येवो, तू तिथं आहेस हे धरून बसते. पण मुकाट नाही, सांगून ठेवते... मेजाखालून मी हलायची नाही. चुरा दे, चालेल. रिकाम्या हाताने उठव, चालायचं नाही. आणि आमेन? ते मी ठरवीन तेव्हा.

ठोकळा अजून हवेतच होता.