दोन भाकरींची थाळी

मुलांनो, डोळ्यांपुढे एक भलं मोठं स्टीलचं ताट आणा. काठाला वाट्याच वाट्या: पनीर, डाळ, दहीवडा, बासुंदी, गुलाबजाम. मधोमध दोन भाकरी. आता मला सांगा, हे ताट स्वस्त की महाग? घाई करू नका. ऋतुजानं घाई केली होती.

ऋतुजा लातूरची, सहावीतली, हिशोबात पक्की. त्या दिवशी तिची आई नांदेडला मावशीकडे गेली होती आणि निलंग्याकडच्या गावाहून मलप्पाआबा डोळे तपासायला आले होते. आबा म्हणजे तिच्या पप्पांचे शेतशेजारी. गावी गेलं की ऋतुजाचं जेवण त्यांच्याच घरी. तपासणी उरकल्यावर पप्पा म्हणाले, आबांना चांगल्या ठिकाणी जेवू घालू. ऋतुजानं लगेच मोबाइलवर हॉटेल शोधलं. दुपारची ठरलेली थाळी, निम्म्या दरात. एकेका वाटीचा वेगळा भाव बघून तिनं मनातल्या मनात बेरीज केली, तर ती थाळीच्या तिप्पट भरली. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की दोन भाकरींनंतर प्रत्येक भाकरीचे पैसे वेगळे. ते तिनं वाचलं आणि सोडून दिलं. ती स्वतः एकच भाकरी खायची.

ताटं आली आणि पप्पांचा फोन वाजला. "आबांना काय हवं-नको बघ गं," असं सांगून ते बाहेर गेले. आता वाढून घेण्याचं काम ऋतुजाकडे आलं.

आबांना साखरेचा त्रास. त्यांनी बासुंदी आणि गुलाबजाम तिच्याकडे सरकवले. पनीर जरासं चाखून बाजूला ठेवलं. डाळीत भाकरी कुस्करली आणि बघता बघता दोन्ही संपवल्या. पहाटे नुसत्या चहावर घर सोडलेला शेतकरी माणूस तो. वाढपी टोपलं घेऊन आला, भाकरी वाढू का म्हणाला.

आबांनी ताटावर आडवा हात धरला. "न्हाई, बास."

आपल्याकडे पाहुण्याचा पहिला नकार कुणी खरा धरत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ऋतुजालाही होतं. दिवाळीत आबांच्या घरी तिनं असाच हात आडवा धरला होता. तेव्हा आबांच्या कारभारणीनं, कस्तुराबाईंनी, तो हात बाजूला सारून गरम धपाटं वाढलं होतं, वर लोण्याचा गोळा. "लाजून राहिलीस व्हय? खा गुमान," म्हणाल्या होत्या. आणि तिला तेव्हा खरंच भूक होती.

वाढप्यानं ऋतुजाकडे पाहिलं. तिनं नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. पण मग वरचे पैसे लागले असते, आणि तिला तर किती वाचले हे पप्पांना सांगायचं होतं. ती बासुंदीत चमचा फिरवत राहिली. वाढपी पुढच्या टेबलाकडे गेला. आबांचा हात थोडा वेळ ताटावर तसाच होता. मग त्यांनी तो उचलला आणि ताटातला चुरा बोटांनी गोळा करून खाल्ला.

पप्पा परत आले, पोटभर झालं का म्हणाले. "लई झालं," आबा म्हणाले. "पोरीनं झ्याक हाटेल हुडकलं." पप्पांनी तिच्या पाठीवर थाप दिली. किती वाचले, ते मात्र तिच्या तोंडून निघालं नाही.

स्टँडवर निलंग्याची गाडी लागलेली होती; पुढची तासाभरानं होती. आबांनी खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरली. पप्पा पाण्याची बाटली आणायला गेले. ऋतुजा वळून बघते तर आबा एका टपरीमागे, पाठमोरे, पुडीतले शेंगदाणे भराभर तोंडात टाकत होते. ती दिसताच त्यांनी पुडी मुठीत दाबली आणि खिशात सारली. चोरी जणू त्यांचीच पकडली गेली होती.

ऋतुजा एक पाऊल मागे सरली. तिथून पळून जावं असं तिला वाटलं. पण ती जवळ गेली आणि खाली बघत म्हणाली, "आबा, तुम्हाला भाकरी हवी होती. मला कळलं होतं. मी मुद्दाम गप्प बसले."

आबांनी खिशातून हात बाहेर काढला. मग म्हणाले, "जाऊ दे माय. जेवलो की मी." आणि गाडीकडे बघत म्हणाले, "सुटंल आता."

ऋतुजा वळली. गाडीत चढली, सीटवरचा टॉवेल उचलून स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि खाली उतरली. स्टँडसमोरच्या खानावळीत एक बाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. आबा हाक मारत होते, तरी मागं न बघता ती सरळ आत गेली. बाईंना म्हणाली, पाहुणे आलेत, वाढणार मीच. मग भाकरीचं टोपलं बाईंकडून मागून घेतलं आणि ते कवेत धरून दाराकडे तोंड करून उभी राहिली.