सातवी ओळ

आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला सगळे ‘दशांश’ म्हणत. भूक किती लागली विचारलं तरी गडी बिंदूनंतरचा आकडा सांगणार. हृदयाच्या ठोक्यांवरच्या मोठ्या संशोधनासाठी कुठलं उपकरण घ्यायचं, हे ठरवायचं काम त्याच्याकडे होतं. नोंदवही माझ्याकडे.

पद्धत सोपी. माणसाला ट्रेडमिलवर चालवायचं. छातीला पट्टा, मनगटाला घड्याळ. माणसामागे एक ओळ. दोन आकड्यांत वीसपेक्षा जास्त फरक आला, तर ओळ खोडायची आणि कारणाच्या रकान्यात लिहायचं : ‘पट्टा सरकला’. नियम दशांशचाच. घड्याळावर त्याचा भारी जीव. हातात आहे हे लोक विसरून जातात. पट्टा बांधला की तासाभरात खाजवायला लागतात.

सातवा माणूस आयत्या वेळी आला नाही, म्हणून दशांशनं स्वतःच्या वडिलांना बोलावून घेतलं. पाच मिनिटांत पट्टा १७१ दाखवू लागला, घड्याळ ८६.

“छातीत फडफडतंय रे,” वडील म्हणाले.

“बाबा, बोलू नका. आकडे हलतात.”

“बरं साहेब. तुमच्या आकड्यांची झोप नाही मोडत.”

पट्टा ओला करून पुन्हा आवळला. १६८ आणि ८४.

“दोनदा कसा सरकेल?” मी विचारलं.

“तुम्ही वही सांभाळा.”

त्यानं पट्टी लावून सरळ रेघ मारली, सही केली. खाली साक्षीदार म्हणून मीही केली. चहा निवत होता.

घड्याळ निवडलं गेलं. पट्ट्याशी ताडून सरासरी चूक १.३ ठोके. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी त्याची पाठ थोपटली.

अठराव्या दिवशी वडील जिन्यात कोसळले. इस्पितळात डॉक्टरनं विचारलं, “आधी कधी ठोके बिघडले होते?”

“तशी नोंद नाही,” दशांश म्हणाला. सवयीनं. वडील संध्याकाळपर्यंतही टिकले नाहीत.

आठवड्यानं तो कामावर आला तो थेट माझ्या टेबलाशी. “वही द्या.”

मॅडम मागोमाग आल्या. “अरे, एका ओळीसाठी सगळी निवड मोडणार?”

“ती धरली तर घड्याळ बाद होतं, मॅडम.”

“चूक किती येते?”

“खूप,” तो म्हणाला.

खोडलेली ओळ परत घ्यायची तर कारण लिहावं लागतं. त्यानं पेन उचललं. मग लिहिलं : ‘पट्टा सरकला नव्हता.’

त्याखाली दोन सह्या लागतात. वही त्यानं माझ्याकडे फिरवली.