माझा मुका कान

मी एक जुना इअरफोन आहे, मित्रांनो. जन्मलो तेव्हा पांढराशुभ्र होतो, आता चहाच्या रंगाचा झालोय. माझ्या तारेचा गुंता असा, की एकदा त्यात एक कोळी अडकला आणि जाळं विणायचे दोन नवे प्रकार शिकूनच बाहेर पडला! खोटं वाटतं? वाटू द्या.

पुढचं मात्र खरं. माझा डावा कान ठणठणीत, पण उजवा जन्मापासून मुका. कुणाला पत्ताच नव्हता. माझी मालकीण विद्यापीठात शिकायची, पण वर्ग घरातच, फोनवर. तिच्या डाव्या कानात प्राध्यापक असत आणि उजवा मोकळा, गॅसवरच्या दुधासाठी.

पडद्यावर नुसत्या नावांच्या चौकटी. कुणी कोपर मारत नाही, कुणी वहीत डोकावत नाही. एक दिवस तिने मला काढून टेबलावर आपटलं.

"आजोबा, मी कॉलेज सोडते. भिंतींबरोबर शिकल्यासारखं वाटतं."

आजोबांनी जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेले. वाद घालतील तर शपथ! त्यांनी खुर्ची ओढली आणि माझा उजवा कान आपल्या कानात घातला.

"बस गं. बघू तरी, तुझे मास्तर काय सांगतात."

माझी पाचावर धारण बसली. आता बिंग फुटणार! पण म्हातारा चक्क मान डोलवू लागला. म्हटलं, बरा भोळा सापडला.

मग रोज तास संपला की आजोबा म्हणायचे, "सगळं डोक्यावरून गेलं बाई. तू सांग." ती सांगायची. सांगायचं म्हणून नीट ऐकायची.

"आजोबा, झोपलात?"

"छे! डोळे मिटून ऐकतोय."

असं करत वर्ष सरलं. पोरगी चांगल्या गुणांनी पास झाली. मग विद्यापीठाचा फॉर्म आला. ऑनलाइन शिक्षणाबद्दल समाधानी आहात का? आवाज नीट येतो का? पोरगी प्रामाणिक, उत्तर लिहिण्याआधी तिने माझे दोन्ही कान लावून पाहिले.

"अहो आजोबा, हा तर बंद आहे! वर्षभर ऐकत काय होतात?"

"तुला."

"पण तुम्ही रेडिओवाले! तारेला सोल्डरचा एक डाग दिला असता तर सुरू झाला असता की."

"झाला असता. मग मीही मास्तरांनाच ऐकत बसलो असतो. तुला कुणी ऐकलं असतं?"

ती बराच वेळ माझी तार बोटाने सरळ करत राहिली. मग फॉर्मवर लिहिलं, 'वर्ग ठीक. शेजारी उत्तम.'

मित्रांनो, आम्हाला तारेला धरून उपटू नका, करकचून गुंडाळू नका. आणि एखादा कान मुका निघाला, तर फेकण्याआधी जरा बघा, तो लावून तुमच्याशेजारी कुणी बसलंय का.